हेल्पलाइनवर स्वयंसेवक व्हायचंय? आधी सल्ले घरी ठेवून या

"तुम्हाला इथे का यायचंय?" मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला. मी तयारीनं गेले होते. म्हटलं, "मला माणसांची आवड आहे, आणि लोक आपणहून माझा सल्ला घ्यायला येतात." समोरच्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि सल्ला द्यायचाच नाही असं ठरलं, तर तीन तास काय कराल?"

मला उत्तर सुचलं नाही. तरी त्यांनी मला घेतलं. बहुधा गप्प बसले म्हणूनच.

त्याला आता सहा वर्षं झाली. मी पुण्यात एका सहकारी बँकेत नोकरी करते, मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, आणि दर बुधवारी संध्याकाळी एका हेल्पलाइनवर मनानं खचलेल्या तरुण मुलामुलींचे फोन घेते. ओळखीतले लोक विचारतात की आम्हालाही यायचंय, काय करावं लागतं? मग थोडं चाचरत दुसरा प्रश्न येतो: यातून आपल्याला काय मिळतं? तो विचारायला लाजू नका, मुलाखतीतही कुणीतरी विचारणारच आहे. दोन्हींची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते.

फोनवर ऐकलेलं काहीही बाहेर सांगायचं नसतं, त्यामुळे खाली आलेली वाक्यं प्रशिक्षणातल्या रोल-प्लेमधली आहेत किंवा कुणाच्याही तोंडी सहज येतील अशी आहेत. आणि वाचता वाचता तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटलं, तर स्वयंसेवक व्हायचं नंतर बघू. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. जिवाला धोका असेल तर थेट ११२.

साध्या माणसाचं तिथे काय काम?

पदवी नसलेल्या माणसाला अशा नाजूक फोनवर बसवतात तरी कसं, ही शंका बरोबर आहे. तिचं उत्तर एका जुन्या हकिगतीत सापडतं.

१९३५ साली इंग्लंडमध्ये चॅड व्हारा नावाच्या एका तरुण पाद्र्यावर चौदा वर्षांच्या मुलीच्या अंत्यविधीची वेळ आली. तिला पाळी आली होती. हे काय होतंय ते सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याला भलताच रोग लागलाय असं समजून तिनं जीव दिला. ती मुलगी व्हारांच्या मनातून गेली नाही. १९५३ साली त्यांनी लंडनच्या एका चर्चमध्ये जीव नकोसा झालेल्या माणसांसाठी फोन सुरू केला. वर्तमानपत्रात बातमी आली आणि लोक फोन तर करू लागलेच, शिवाय थेट दारात येऊन बसू लागले. व्हारांना मोकळा वेळ मिळेपर्यंत त्यांना चहा-कॉफी द्यायला, दोन शब्द बोलायला काही स्वयंसेवक येत. काही दिवसांत लक्षात आलं की चहा पिता पिता मन मोकळं झाल्यावर पुष्कळ जणांना आत जायची गरजच उरत नव्हती. वर्षभराच्या आत व्हारांनी फोन स्वयंसेवकांच्या हाती दिला. समॅरिटन्स ही संस्था अशी उभी राहिली.

आपली जागा ती चहा देणाऱ्याची. आतल्या खोलीतल्या तज्ज्ञाची नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं, आणि हेच बसायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आपल्याकडे मुंबईत समॅरिटन्स मुंबई ही त्याच परंपरेतली संस्था आहे. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली 'स्नेहा' सुरू केली. पुण्यात कनेक्टिंग ट्रस्ट २००५ पासून काम करते. तिन्हींचा कणा स्वयंसेवक हाच.

गरज किती आहे हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या एका आकड्यात कळतं: २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. त्याच वर्षी सर्व वयोगट मिळून सर्वाधिक आत्महत्या नोंदवणारं राज्य महाराष्ट्र होतं, २२,७४६. इथे आकडे संपवते, कारण फोन वाजतो तेव्हा त्यांतला एकही कामाला येत नाही.

पायरी १: संस्था निवडा

सगळ्याच हेल्पलाइन स्वयंसेवकांवर चालत नाहीत. १०९८ ही १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. जेरू बिलिमोरियांनी ती रस्त्यावरच्या मुलांना सोबत घेऊन उभी केली. दस-नौ-आठ, उलटं मोजल्यासारखा क्रमांक. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही पाठ व्हावा असा. आज ती सरकार चालवतं आणि ती ११२ ला जोडली आहे. टेलि-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. या दोन्ही ठिकाणी पगारी, नेमलेली माणसं असतात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्याच आयकॉल या हेल्पलाइनवरही प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. आपण तिथे फोनवर बसणार नाही, पण या जागा माहीत हव्यात, कारण पुढे कितीतरी जणांना आपणच तिकडे पाठवणार असतो.

स्वयंसेवकांवर चालणारी संस्था सापडली की चौकशी नीट करा. प्रशिक्षण किती दिवसांचं? शिफ्टला अनुभवी माणूस शेजारी असतो का? कॉल संपल्यावर कुणाशी बोलायचं? फोन घरून घ्यायचा की केंद्रात बसून? (सुरुवातीला केंद्रातच बसा. घरी कुकरची शिट्टी आणि सासूबाईंची हाक दोन्ही ऐनवेळीच येतात.) दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर तिसऱ्या दिवशी फोनवर बसवणारी संस्था असेल, तर तिथून परत या. त्यांचा हेतू चांगला असेलही, पण मधल्यामध्ये एखाद्या पोराचं नुकसान होतं आणि तुमचंही.

परदेशात असाल तर: ब्रिटनमध्ये समॅरिटन्स आहेच, आणि मुलांसाठी एस्थर रँटझन यांच्या पुढाकारानं १९८६ मध्ये सुरू झालेली चाइल्डलाइनही स्वयंसेवक घेते. अमेरिकेत क्रायसिस टेक्स्ट लाइनचं काम घरी बसून, लिखित संदेशांवर चालतं. त्यासाठी ऑनलाइन प्रशिक्षण आणि पुढे २०० तास देण्याची तयारी लागते.

पायरी २: स्वतःला विचारा, आत्ताच का?

वयाची अट बहुतेक ठिकाणी किमान १८, काही ठिकाणी त्याहून जास्त. ती सोपी अट. खरी अट निराळी आहे.

गेल्या वर्षभरात घरात कुणी गेलं असेल, विशेषतः आत्महत्येनं, तर थांबा. घटस्फोटाची केस चालू असेल, स्वतःचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तरीही थोडं थांबा. दुःख भोगलेला माणूस या कामाला नको असं अजिबात नाही. आमच्याकडचे सगळ्यात चांगले ऐकणारे तेच आहेत. पण जखम ओली असली की समोरच्याचा फोन आपलाच होऊन जातो. पोरगी तिच्या वडिलांबद्दल बोलत असते आणि आपण आपल्या वडिलांशी भांडत असतो.

वेळेचंही खरं सांगा. आठवड्यातून एक ठरलेली शिफ्ट, निदान वर्षभर. गणपतीत, दिवाळीत, मार्चअखेरीस बँकेत मरणाचं काम असतानासुद्धा. महिन्यातून एकदा सवडीनं येणाऱ्या उत्साही माणसाचा उपयोग देणग्या गोळा करायला होतो. तेही काम लागतंच, त्यात कमीपणा नाही.

पायरी ३: बोलायला नव्यानं शिका

प्रशिक्षणात मला वाटलं होतं मानसशास्त्र शिकवतील. शिकवलं ते मराठी. म्हणजे शिकवणाऱ्यांनी तसं म्हटलं नाही, पण माझी निम्मी वही आपल्याच भाषेतल्या खाचाखोचांनी भरली. ही पायरी सगळ्यात मोठी आहे, म्हणून इथे रेंगाळते.

*तू की तुम्ही?* माझ्या मुलापेक्षा लहान आवाज आला की तोंडातून 'बाळा' निघायचं. ते पहिल्या दिवशी बंद झालं. 'बाळा' म्हटलं की मी मोठी झाले, आणि मोठ्यांना सांगता येत नाही म्हणूनच तर त्यानं फोन केलेला असतो. सुरुवात 'तुम्ही'नं करायची. सोळा वर्षांच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'तुम्ही' म्हणतं, तेव्हा तो क्षणभर गोंधळतो. मग बहुतेक वेळा स्वतःच म्हणतो, "ताई, मला तू म्हणा ना." मग 'तू'. त्यानं दिलेलं 'तू' आणि आपण घेतलेलं 'तू' यांत फार अंतर आहे.

'तुम्ही'चा आणखी एक फायदा. 'तू आलास' की 'तू आलीस' हे मराठीत बोलणाऱ्याला ठरवावंच लागतं. 'तुम्ही आलात' दोघांनाही चालतं. फोनवरच्या आवाजावरून मुलगा की मुलगी हा अंदाज चुकतो, आणि काहींच्या बाबतीत तोच त्यांच्या फोनचा विषय असतो. पलीकडची व्यक्ती स्वतःसाठी 'गेलो' म्हणते की 'गेले', तेवढं कान देऊन ऐकायचं आणि तेच धरायचं. आवाज काहीही सांगो.

*'का' नको.* "का नाही गेलीस कॉलेजला?" या वाक्यात प्रश्नचिन्ह असलं तरी तो प्रश्न नसतो. आपल्या घरांत 'का'नंतर ओरडाच बसतो, हे प्रत्येक मुलाला माहीत आहे. "काय झालं त्या दिवशी?" असं विचारलं की गोष्ट सुरू होते.

*'पण' नको.* "तुझं बरोबर आहे, पण..." पणच्या आधीचं सगळं पुसलं जातं. 'आणि' वापरून बघा, किंवा तिथेच थांबा.

*पाठ झालेली सांत्वनं.* "होईल सगळं नीट." "एवढंसं काय त्यात!" "मन घट्ट कर." "आमच्या वेळी तर..." ही वाक्यं आपण मयताला, नापासाला, मोडलेल्या लग्नाला सारखीच वापरतो. रोल-प्लेमध्ये आमचे प्रशिक्षक बारावीत टक्के कमी पडलेला मुलगा झाले होते. मी अगदी मनापासून म्हटलं, "अरे, आईवडिलांना काय वाटेल याचा तरी विचार कर." ते शांतपणे म्हणाले, "तोच तर करतोय, ताई," आणि फोन ठेवला. लटका फोन होता तो. तरी माझे कान तापले.

*कंटाळा.* हा शब्द ऐकलात की सावध व्हा. रविवारी दुपारी येतो तोही कंटाळा, आणि जगणं नकोसं होतं त्यालाही मुलं कंटाळाच म्हणतात. "कंटाळा आलाय सगळ्याचा." "नको वाटतं." "कुठेतरी निघून जावंसं वाटतं." या वाक्यांवरून पुढे जायचं नाही, तिथेच थांबून विचारायचं: कंटाळा म्हणजे कसं वाटतं? दिवसभर असतो का? निघून जावं म्हणजे कुठे?

आणि मग तो प्रश्न, ज्याला सगळे नवशिके घाबरतात. "जीव संपवण्याचे विचार येतात का?" विचारायचा. सरळ विचारायचा. "जिवाचं बरंवाईट" वगैरे आडवळणं घेतली की आपणच घाबरलोय हे त्याला कळतं आणि तो आपल्याला सांभाळून घेतो: "नाही नाही ताई, तसं काही नाही." विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेली गोष्ट कुणीतरी नाव घेऊन विचारली, याचा सुटकारा श्वासातून ऐकू येतो. उत्तर 'हो' आलं, तर आत्ता कुठे आहेस, सोबत कोण आहे, काही ठरवलंयस का, हे विचारत शेजारच्या अनुभवी सहकाऱ्याला हातानं खूण करायची. तिथून पुढे तुम्ही एकटे नसता. कोणत्या क्षणी काय करायचं हे प्रत्येक संस्थेनं लिहून ठेवलेलं असतं. ते पान पाठ करा.

*भाषेचा वास.* माझं मराठी सदाशिव पेठी. पहिल्या महिन्यात मला सांगण्यात आलं की तुमचं बोलणं बातम्यांसारखं वाटतं. एमपीएससीसाठी पुण्यात खोली घेऊन राहणारा मुलगा "लई टेन्शन हाय" म्हणतो, आणि मी "तुम्हाला ताण जाणवतोय का?" म्हणते, तो लगेच सावरून बसतो आणि शुद्ध बोलायच्या नादात मुद्दाच गिळतो. त्याची नक्कल करायची नाही, ते जास्त वाईट. त्याचाच शब्द उचलायचा. "टेन्शन कधीपासून आहे?" एवढं पुरतं.

*गप्प बसणं.* ब्लँक कॉल येतात. पलीकडे श्वास ऐकू येतो, पंखा ऐकू येतो, शब्द नाही. पहिल्या अशा फोनवर मी "हॅलो" किती वेळा म्हटलं ते शेजारच्या काकांनी मोजलं होतं: अकरा. आता म्हणते, "मी आहे इथे. बोलावंसं वाटेल तेव्हा बोला. नाही बोललं तरी चालेल." मग थांबते. काही फोन तसेच संपतात. पुढच्या आठवड्यात तोच पंखा पुन्हा ऐकू आला, असं कधी वाटतं, खात्री नसते.

पायरी ४: कायद्याच्या तीन गोष्टी

पहिली: लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा. अठरा वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. आपण स्वयंसेवक आहोत ही सबब चालत नाही. म्हणून "तू काहीही सांग, मी कुणालाही सांगणार नाही" हे वचन कधीही देऊ नका, कितीही जिभेवर आलं तरी. त्याऐवजी काय बोलायचं ते संस्था शिकवते. साधारण असं: "आपलं बोलणं आपल्यातच राहतं. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर मात्र ते मला एकटीला ठेवून घेता येत नाही." निर्णय तुम्ही एकट्यानं घ्यायचा नाही, सुपरवायझरकडे न्यायचा.

दुसरी: मुलं आणि त्यांचे आईवडील दोघंही "पोलीस केस होईल" म्हणून दवाखान्यात जायला घाबरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिच्यावर खटला नाही. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही. हे फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

तिसरी कायद्याची नाही, शहाणपणाची: "मी परत फोन करू का?" असं विचारण्याआधी फोन कुणाचा आहे ते विचारा. पुष्कळ मुलं आईच्या मोबाइलवरून बोलतात, गच्चीवर किंवा नळ सोडून न्हाणीघरात. आपला परतीचा फोन वडिलांनी उचलला तर आपण मदत केली नाही, चुगली केली.

पायरी ५: हद्द आखा

स्वतःचा नंबर द्यायचा नाही. इन्स्टाग्रामवर शोधायचं नाही. भेटायचं नाही, पैसे पाठवायचे नाहीत, दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला "त्या अमुकचा आला होता का?" असं आडून विचारायचंही नाही. हे निष्ठुर वाटतं, पहिल्या सहा महिन्यांत तर फारच. पण ज्या मुलीला आठवड्याला सात दिवस आधाराची गरज आहे, तिला फक्त बुधवारची ताई मिळाली तर सहा दिवस ती वाट बघत बसते. तिला कॉलेजचा समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, घरातलं एखादं विश्वासाचं माणूस, यांतलं काय जोडून देता येईल ते तिच्याबरोबर शोधणं, हे आपलं काम.

अश्लील फोनही येतात. याबद्दल माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. बायकांना जास्त येतात, आणि तक्रारीच्या सुरात सुरू होऊन हळूच वळण घेतात. एकदा स्पष्ट सांगायचं की या विषयावर बोलता येणार नाही, आणि मग ठेवायचा. सहन करणं हा सेवेचा भाग नाही. "कदाचित त्याला खरंच मदत हवी असेल" असं वाटून मी एकदा वीस मिनिटं ऐकलं होतं. त्या वीस मिनिटांत लाइन व्यस्त होती.

पायरी ६: फोन ठेवल्यावर

शिफ्ट संपली की दहा-पंधरा मिनिटं सहकाऱ्याशी बोलायचं, नोंदवही पूर्ण करायची, आणि मगच चप्पल घालायची. हे टाळून घाईनं घरी गेलेली माणसं लवकर गळतात, असं मी पाहिलंय. घरी कुणाला तपशील सांगता येत नाही, त्यामुळे ते बोलणं तिथेच व्हायला हवं. "आज माझं चुकलं" हे वाक्य तिथे रोज कुणीतरी म्हणतं आणि कुणी दचकत नाही. नोकरीच्या ठिकाणी असं कुठे पाहिलंय?

बारावीचा निकाल, नीटचा निकाल, एमपीएससीची यादी लागते त्या आठवड्यात एकटी शिफ्ट घेऊ नका. आणि सलग चार आठवडे कॉल स्वप्नात यायला लागले तर रजा घ्या. कुणी नाव ठेवत नाही.

आता, काय मिळतं?

प्रमाणपत्र मिळतं. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्यांना पुढच्या प्रवेशाला, नोकरीला त्याचा उपयोग होतो. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की याला समुपदेशनाचा अनुभव म्हणून मिरवता येत नाही.

अमेरिकन अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली मांडलं होतं की मदत करणाऱ्यालाच त्या मदतीचा गुण येतो. माझ्या बाबतीत तो कुठे आला ते सांगते. बँकेत कर्ज थकलेला खातेदार काउंटरवर आवाज चढवतो, तेव्हा पूर्वी माझाही चढायचा. आता मी त्याचं वाक्य पूर्ण होऊ देते, आणि निम्म्या वेळा तो स्वतःच खाली येतो. साहेबांना वाटतं मी योगासनं करते.

मित्र मिळाले. आमच्या बुधवारच्या गटात एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत (अकरा हॅलो मोजणारे ते काका), एक बावीस वर्षांची नर्सिंगची विद्यार्थिनी, एक सीए आणि मी. या चौघांनी आयुष्यात एका टेबलाभोवती बसायचं दुसरं काही कारण नव्हतं. नर्सिंगवाली मला मुलांच्या भाषेतले नवे शब्द समजावते, कुणी कुणाला 'घोस्ट' केलं म्हणजे नेमकं काय केलं ते. काका कुणालाच काही समजावत नाहीत, आणि सगळ्यात लांब, सगळ्यात शांत फोन त्यांचेच असतात.

घरचं जरा अवघड आहे. माझा मुलगा अकरावीत आहे. परक्या मुलांचं तीन तास ऐकून घरी आल्यावर मी त्याला "अजून जेवला का नाहीस?" म्हणतेच, 'का' तिथे सुटलेला नाही. पण गेल्या वर्षी एकदा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. पूर्वी मी "काय रे, काय हवंय?" म्हटलं असतं. त्या दिवशी कणीक मळत राहिले, काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं तो ओट्याला टेकला आणि बोलायला लागला.

काय मिळत नाही तेही लिहायला हवं: गोष्टीचा शेवट. रात्री साडेनऊला "बरं वाटलं ताई, ठेवतो" म्हणून गेलेल्या मुलाचं पुढे काय झालं, हे कधीही कळत नाही. कृतज्ञतेचं पत्र येत नाही, पेढे येत नाहीत. ज्यांना शेवट हवा असतो ते साधारण वर्षभरात सोडून जातात. त्यांत वावगं काही नाही. शिकवणी घ्यावी, तिथे निकाल दिसतो.

पहिल्या शिफ्टला जाताना

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. पाण्याची बाटली, साधं पेन, घशाला खडीसाखर. स्वतःचा मोबाइल बंद करून पिशवीत. पोटभर जेवून जाऊ नका, झोप येते, उपाशीही नको. समोरच्या भिंतीवर संस्थेची वाक्यं आणि क्रमांक लावलेले असतील, ते दिसतील अशी खुर्ची धरा. पहिल्या दिवशी बहुधा ऐकायलाच बसवतात, तेव्हा सहकारी कुठे गप्प बसतात त्याकडे लक्ष द्या, काय बोलतात त्यापेक्षा. आणि फोन वाजेलच असं नाही. माझ्या पहिल्या शिफ्टला सगळ्या वेळात एकच आला. मी तीनदा घसा खाकरला, रिसीव्हर उचलला, शिकवल्याप्रमाणे शांतपणे संस्थेचं नाव सांगितलं. पलीकडे एक आजोबा होते. त्यांना गॅसचा नंबर लावायचा होता.